कोंड्यातले तेल, गोठ्यातली ढेप

२८ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने तेल काढलेल्या धानाच्या कोंड्याची निर्यात बंद केली. पशुखाद्य महागले आहे, त्यापायी दूध महागते आहे, तेव्हा देशातला कोंडा देशातल्याच जनावरांना मिळावा, हा त्यामागचा विचार होता. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत ही बंदी दोन वर्षांहून अधिक टिकली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उठली. मोठ्या शहरांत या दोन्ही हुकुमांकडे फार कुणाचे लक्ष गेले नसेल. गोंदियाची गोष्ट वेगळी आहे. तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंत आठही तालुक्यांत धान पिकते, जिल्ह्यात शेकडो राइस मिल आहेत आणि प्रत्येक मिलमधून तांदळाबरोबर कोंड्याची पोती बाहेर पडतात. त्या कोंड्यात तेल आहे आणि तोच कोंडा गायी-म्हशींच्या गव्हाणीतही जातो. त्यामुळे कोंडा तेलासाठी द्यायचा की जनावराला घालायचा, हा इथे रोजच्या व्यवहाराचा प्रश्न आहे.

आणि तो एकट्या कोंड्याचा नाही. तेल देणाऱ्या प्रत्येक पिकात दोन वाटेकरी असतात. सोयाबीनचे पाहा. १०० किलो सोयाबीनमधून १८ ते २० किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड उरते. शेतकऱ्याला मिळणारा भाव त्यामुळे तेलापेक्षा पेंडीवर जास्त अवलंबून असतो, आणि पेंडीचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक कोंबडीपालन आहे. सरकार सोयाबीनला तेलबी म्हणून हमीभाव जाहीर करते. बाजार मात्र त्याच्याकडे आधी खाद्य म्हणून पाहतो. सरकीचे तसेच. विदर्भात सरकीच्या तेलापेक्षा सरकी ढेपेचा भाव माणसांच्या तोंडी अधिक असतो. अकोला ही त्या ढेपेची मोठी पेठ, आणि गोंदियातला दुधाचा धंदा करणारा माणूस तिकडून येणाऱ्या ट्रकवरच अवलंबून आहे.

आता देशाची अडचण बघू. आपण दरवर्षी सुमारे १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून जास्त. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय खाद्यतेल-तेलबिया अभियानाने १०,१०३ कोटी रुपयांची तरतूद केली आणि तेलबियांचे उत्पादन ३९० लाख टनांवरून २०३०-३१ पर्यंत ६९७ लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याच अभियानात धानाचा कोंडा, सरकी आणि झाडांच्या बिया यांच्यातून जास्तीत जास्त तेल काढण्याचाही उल्लेख आहे. गोंदियात सोयाबीन नावापुरते, करडई-सूर्यफूल जवळपास नाहीच. म्हणजे या अभियानात गोंदियाचा वाटा कोंड्याचा, जवसाचा आणि सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यातल्या मोहाच्या बियांचाच असू शकतो. धानाचा जिल्हा तेलाचाही जिल्हा आहे, हे इथल्या नियोजनात अजून पुरते उतरलेले नाही.

कोंड्याचा हिशोब धानाच्या पोत्यापासून सुरू होतो. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ यांनी हमीभावाने घेतलेला धान भरडाईसाठी मिलकडे जातो. १०० किलो धानामागे ६७ किलो अरवा तांदूळ, किंवा ६८ किलो उष्णा तांदूळ, शासनाला परत करायचा असतो. उरलेल्यात २० ते २२ किलो तूस असते आणि ५ ते ८ किलो कोंडा. हा कोंडा मिलवाल्याकडे राहतो. केंद्राने ठरवलेला अरव्याचा भरडाई दर क्विंटलला दहाच रुपये आहे. राज्य त्यावर भर घालते, तरी मिलवाल्याचे गणित जुळते ते कोंडा, कनकी आणि तूस विकूनच. कोंड्याचा भाव पडला की मिलवाला राज्याकडे भरडाईची जास्त रक्कम मागतो, आणि खुल्या बाजारातल्या धानाला हात आखडून भाव देतो. निर्यातबंदीचा परिणाम धान पिकवणाऱ्यापर्यंत पोचतो तो या वाटेने. तो थेट दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

कोंड्याचा स्वभावही समजून घ्यायला हवा. पॉलिशरमधून नुकताच आलेला कोंडा मुठीत दाबला तर गोळा होतो, तळहाताला तुकतुकीत तेल लागते, वास गोडसर येतो. त्यात १५ ते २० टक्के तेल असते. पण दाण्यावरून कोंडा खरवडला गेला की त्यातले एक विकर जागे होते आणि तेल फोडायला लागते. पोते दोन-चार दिवस शेडमध्ये पडून राहिले, त्यात हवा दमट असली, की वास खवट होतो. असे तेल साफ करताना नुकसान इतके येते की तेल काढणारा कारखाना भाव पाडून मागतो, आणि फार बिघडलेला कोंडा साबणाच्या तेलालाच जातो. उष्णा तांदळाच्या कोंड्याचे तसे होत नाही. धान वाफवतानाच ते विकर मरते आणि तेलाचे प्रमाणही जास्त असते. गावच्या हालरवरचा कोंडा तिसऱ्याच जातीचा. त्यात तूस मिसळलेले असते, तेल कमी, आणि जनावराच्या पोटाला निरुपयोगी असा वाळूसारखा भाग बराच. या तिन्हींना आपण एकच नाव देतो आणि मग चर्चा घसरते. मोठ्या मिलचा ताजा कोंडा तेलाच्या लायकीचा असतो. हालरचा कोंडा कारखान्याच्या कामाचाच नाही, त्याची जागा गोठ्यातच.

आता गोठ्याची बाजू. गोंदियाच्या गोठ्यात बारा महिने तणस असते. धानाच्या तणसात प्रथिने तीन-चार टक्केच, पचायलाही जड. काठाणी गाय त्यावर तग धरते, कारण ती या चिखलाच्या, धानाच्या मुलखातच घडलेली आहे. पण संकरित गायीकडून दूध हवे असेल तर तणसाच्या जोडीला ढेप-चुनी आणि कोंड्याचे आंबोण लागते. घरच्या बाईला हे कुणी शिकवावे लागत नाही. पहाटे बादलीत कोंडा, थोडी ढेप, मीठ आणि कोमट पाणी कालवताना तिला कोणत्या जनावराला किती हे हाताच्या अंदाजाने कळते. तिचे म्हणणे असे, की तेल काढलेला कोंडा हलका असतो, उडतो, जनावर तोंड फिरवते, आणि त्यात ‘कस’ नसतो. तेल गेले म्हणजे सत्त्व गेले. शिवाय तो रोख पैसे देऊन दुकानातून आणावा लागतो, आणि साधा कोंडा हालरवर घरचा धान कांडून घेतला की सोबतच येतो.

या म्हणण्यात खरे बरेच आहे. तणसावर जगणाऱ्या जनावराला प्रथिनांइतकीच ऊर्जाही कमी पडते, आणि तेलात पिष्टाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. कस नसतो ही तक्रार अनुभवातून आलेली आहे. पण तिला एक मर्यादा आहे, ती गायीच्या कोठीपोटाची. तिथले सूक्ष्म जीव तणसातला तंतू फोडतात, त्यावर गाय जगते. रोजच्या एकूण कोरड्या खाद्यात स्निग्धांश सहा-सात टक्क्यांच्या वर गेला की त्या जीवांचे काम मंदावते. हिशोब करून पाहा. सहा किलो तणस आणि दोन किलो ताजा कोंडा घातला तर स्निग्धांश साडेपाच टक्क्यांच्या पुढे जातो, म्हणजे मर्यादेच्या जवळ. कोंडा तीन किलो केला की मर्यादा गाठली. त्यापुढे गाय तणस कमी पचवते आणि दुधातले फॅट वाढण्याऐवजी घटते. दूध संकलन केंद्रावर ‘फॅट लागत नाही’ म्हणून भाव कापला जातो, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक असू शकते. खवट कोंडा जास्त घातला तर हे नुकसान आणखी वाढते.

दुसरी गोष्ट कमी ठाऊक असलेली. तेल काढताना कोंड्यातली प्रथिने जात नाहीत. साध्या कोंड्यात ती १२ ते १४ टक्के असतात. तेल गेल्यावर वजन घटते, म्हणून प्रमाण १५-१६ टक्क्यांवर जाते. तेल नसल्याने तो कोंडा खवट होत नाही, महिनोन् महिने टिकतो. म्हणजे शंभर किलो ताजा कोंडा कारखान्याकडे गेला तर माणसाला पंधरा-सोळा किलोच्या आसपास तेल मिळते आणि जनावराची प्रथिने पूर्ण परत येऊ शकतात. ‘शकतात’ हा शब्द इथे महत्त्वाचा. अडचण तेल काढण्याची नाही, परत येण्याची आहे. एकदा कोंडा ट्रकमध्ये चढला की तेल काढलेला भाग पशुखाद्याच्या कारखान्यात, कोंबड्यांच्या खाद्यात किंवा व्हिएतनाम, थायलंड, बांगलादेशाच्या वाटेला लागतो. सडक अर्जुनीतल्या दोन गायींच्या गोठ्यात तो परत आलाच, तर खाद्याच्या पोत्यात मिसळून, पोत्याच्या भावाने येतो.

तिसरा वाटेकरी तलावातला आहे, आणि चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते. गोंदिया हा तलावांचा जिल्हा. नवेगावबांधसारखे मोठे जलाशय आहेत आणि गावोगावी माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या. ढिवर बांधवांच्या मत्स्य सहकारी संस्था तिथे रोहू, कतला, मृगळ सोडतात. या माशांचे देशभर रूढ असलेले खाद्य म्हणजे कोंडा आणि भुईमुगाची ढेप, समभाग. भुईमूग इथे थोडा, ढेप महाग, म्हणून अनेकदा तलावात नुसता कोंडाच पडतो. मोहाच्या टोरीची ढेप मात्र तलावात वेगळ्या कामाला येते. तिच्यातला विषारी अंश मासे मारतो, म्हणून मत्स्यबीज सोडण्याआधी नको असलेले मासे काढायला ती वापरतात. जनावराला ती घालत नाहीत. प्रत्येक ढेप खाद्य नसते, हेही तेलबियांच्या हिशोबात धरावे लागते. टोरीचे तेल काढणाऱ्या कुटुंबाला ढेपेचे पैसे फारसे मिळत नाहीत, याचे कारण इथे आहे.

जवसाकडे वळू. या पिकाविषयी आम्हाला विशेष आस्था आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. कन्हार जमिनीच्या बांधीत धान पिवळा पडायला लागला, अजून कापणीला दहा-पंधरा दिवस आहेत, की उभ्या धानात जवस, लाखोरी फेकून द्यायची, ही इथली उतेऱ्याची पद्धत. नांगरणी नाही, पाणी नाही. चिखलात उरलेल्या ओलीवर पीक येते आणि जानेवारीत बांध्या निळ्या फुलांनी भरतात. उत्पन्न थोडे, पण खर्चही जवळपास शून्य. घाणीवर जवस नेला की घरचे तेल आणि गोठ्याची ढेप दोन्ही मिळायचे. पूर्व विदर्भात जवसाचे तेल भाजीत घालत आले आहेत, चटणी तर आजही घराघरात आहे.

उतेरा का आटला? एकच कारण नाही. हार्वेस्टर आले, त्यांच्या चाकाखाली कोवळी रोपे दबतात. इटियाडोहसारख्या प्रकल्पांचे पाणी मिळाले तिथे उन्हाळी धान आला. धान उचलला की गावची गुरे मोकळी सुटतात, मग एकट्याच्या बांधीतला जवस राखणार कोण? कळीवर माशी पडली तर दाणाच भरत नाही. या सगळ्यावर, जवसाला गावात गिऱ्हाईक राहिले नाही. घाणी बंद पडली आणि तयार पामतेलाची पिशवी दुकानात आली. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर वर्षानुवर्षे संशोधन झाले, एनएल-९७, एनएल-२६० असे वाण निघाले, तरी बांधीत पेरणारा माणूस विकायचे कुठे म्हणून थांबतो.

जवसाचा वाद जुना आहे. नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७ मध्ये, त्यानंतर मध्य प्रांतातला जवस मुंबईमार्गे युरोपात जाऊ लागला. तिकडे तेल रंग-वार्निशला आणि ढेप तिकडच्या गुरांना. १८८९ मध्ये भारतात आलेले कृषिरसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात यावर बोट ठेवले. तेल बाहेर गेले तर जमिनीचे फारसे जात नाही, पण बी बाहेर गेले की ढेपेतले, म्हणजे पर्यायाने शेणाखतातले, सत्त्वही जाते, असा त्यांचा मुद्दा होता. मग पुढे मागणी आली, की तेलबिया आणि ढेप यांच्या निर्यातीवर बंदी किंवा कर घाला. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने ती मान्य केली नाही. निर्यात रोखली तर भाव पडेल आणि तो भार बी पिकवणाऱ्यावर येईल, हे आयोगाचे उत्तर. जवळपास शंभर वर्षांनी कोंड्याच्या बंदीवर सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशनने केलेला आक्षेप वाचला तर त्यातला गाभा हाच आहे.

दोन्ही म्हणणी खरी असू शकतात का? वर्ध्याच्या मगनवाडीत याचे एक उत्तर शोधले गेले. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा तिथे काम पाहत होते, आणि झवेरभाई पटेल यांनी बैलघाणीत सुधारणा करून वर्धा घाणी बसवली. बी गावात पेरले, गावात गाळले, तेल माणसाला, ढेप गावच्या गुरांना, शेण त्याच जमिनीला, अशी ती मांडणी होती. बंदीची गरज तिथे उरत नाही, कारण बी बाहेर जातच नाही. पण त्या घाणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. घाणीच्या ढेपेत दहा टक्क्यांच्या आसपास तेल उरते, सॉल्व्हंटच्या ढेपेत एक टक्क्याहूनही कमी. १६० लाख टन तेल आयात करणाऱ्या देशाला एवढे तेल ढेपेत सोडणे परवडत नाही, असे कारखानदार म्हणतो तेव्हा त्याला खोडून काढता येत नाही. कोंड्यासारख्या भुकटीतून तर घाणी तेल काढूच शकत नाही.

जवसाच्या ढेपेबाबत एक सूचना. थंड घाणीतून निघालेल्या ढेपेत सायनाइड तयार करणारा अंश आणि त्याला फोडणारे विकर दोन्ही शाबूत असतात. ही ढेप रात्रभर गार किंवा कोमट पाण्यात भिजत ठेवून घालणे धोक्याचे. दहा-पंधरा मिनिटे चांगली उकळून, वाफ जाऊ देऊन, मग घालावी. जुन्या घरांत चुलीवर ढेप रटरटत ठेवत, त्यामागे हेच शहाणपण असावे. घाणी परत आणायची तर हे ज्ञानही सोबत यावे लागेल.

बंदी आणि परवानगी यांच्या राजकारणात शेतकरी कसा सापडतो, हे विदर्भाने २०२१ मध्ये पाहिले. त्या ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. कोंबडीपालक हवालदिल झाले, कारण खाद्याचा खर्च हाच त्यांचा मुख्य खर्च. २४ ऑगस्टला केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव घसरला होता. कोंबडीवाल्याची अडचण खोटी नव्हती. लहान शेडवाले कर्जात होते. पण ज्याने जूनमध्ये चढा भाव पाहून बियाणे घेतले, त्याच्या पदरात पडले काय? पुढे मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथाही खाद्याच्या बाजारात आला, सोयापेंडीची मागणी घटली, आणि २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असलेले सोयाबीन शेतकऱ्यांनी त्याहून बरेच खाली विकले. एका वर्षी खाद्य स्वस्त करायला पेंड आणली आणि नंतर इंधनाच्या धोरणातून खाद्य आपोआप स्वस्त झाले. दोन्ही वेळा तेलबी पिकवणाऱ्याने किंमत मोजली.

म्हणून निर्यातबंदीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. दूध स्वस्त राहावे ही सार्वजनिक गरज असेल तर तिचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा. गोपालकाला खाद्यासाठी थेट मदत द्या, दूध संघामार्फत सवलतीची ढेप द्या. पण कोंड्याचा भाव पाडून ती सवलत देऊ नका, कारण तेव्हा ती धानवाल्याच्या खिशातून जाते, आणि तो स्वतःही बहुतेक वेळा दोन गायींचा मालक असतो. गोंदियात धानवाला आणि गोपालक ही दोन माणसे नाहीत, एकाच घरातली दोन कामे आहेत. बंदीने त्याच्या एका हातातून काढून दुसऱ्या हातात जे पडते ते वाटेत बरेच सांडते. दुष्काळाच्या खऱ्या वर्षी निर्बंध लागले तर आमचा विरोध नाही. त्यांची शेवटची तारीख आधी जाहीर व्हावी आणि ती पाळली जावी, एवढेच.

कोंड्याच्या मूळ प्रश्नावर आम्ही तेलाच्या बाजूने झुकतो, एका अटीवर. मोठ्या मिलचा ताजा कोंडा तेल न काढता गव्हाणीत जाणे हे देशाचेही नुकसान आहे आणि प्रमाण चुकले तर गायीचेही. पण तेल काढलेला कोंडा जिल्ह्यात परतला पाहिजे. मिलमधून कोंडा चोवीस तासांच्या आत उचलला जावा, किंवा मिलमध्येच वाफेने स्थिर केला जावा. मिलच्या बॉयलरमध्ये तूस जळतेच आहे, वाफ काही महाग नाही. ज्या कारखान्याला इथला कोंडा हवा, त्याने ठरलेला हिस्सा जिल्ह्यातल्या दूध संस्थांना आणि मत्स्य संस्थांना द्यावा, पोत्यावर प्रथिनांचे प्रमाण छापून. विदर्भ-मराठवाड्यातल्या १९ जिल्ह्यांसाठी दुग्धविकासाचा दुसरा टप्पा मंजूर आहे. त्यात गायी वाटण्याइतकेच महत्त्व या खाद्याच्या साखळीला द्यावे. हलका, उडणारा कोंडा जनावर खात नाही ही तक्रार खरी आहे, तिच्यावर उपाय गोळी पेंड करण्याचा किंवा गूळपाण्यात कालवण्याचा आहे. आणि कोंड्यात स्फुरद भरपूर, चुना नगण्य. त्यामुळे कोणताही कोंडा घालणाऱ्याने खनिज मिश्रण द्यायलाच हवे.

हालरच्या कोंड्याला मात्र हात लावू नये. तो घरचा आहे, घरच्या जनावराचा आहे. जानेवारी २०१८ मध्ये जीएसटी परिषदेने तेल काढलेला कोंडा करमुक्त केला आणि तेलासकटच्या कोंड्यावर ५ टक्के कर लावला. कोंडा कारखान्याकडे वळावा म्हणून हे ठीक असेल. पण मिलमधून दोन पोती विकत घेऊन जाणाऱ्या गोपालकावर त्याचा भार पडण्याचे कारण नाही. त्याला यातून सूट मिळावी.

जवसाच्या बाबतीत आमचा कौल उलट आहे. ते सॉल्व्हंटकडे जाऊ नये. पीक थोडे, तेल ताजे असतानाच खायच्या लायकीचे, ढेप दुभत्या जनावराला मानवणारी. त्याची जागा गावातल्या घाणीवर, फार तर तालुक्याच्या लहान एक्स्पेलरवर. बैल नसतील तर विजेवरची घाणी आहे. शहरात लाकडी घाण्याच्या तेलाला चांगला दर मिळतो आहे. गोंदियाच्या महिला बचत गटांनी जवस तेल विकावे आणि ढेप गावात ठेवावी. याला कृषी विभागाचे अनुदान लागेल, पण त्याहून आधी ग्रामसभेचा एक ठराव लागेल: डिसेंबर ते फेब्रुवारी गुरे राखणीने चरतील. एकट्या शेतकऱ्याला उतेरा राखता येत नाही, शिवाराने राखला तरच राहतो. हार्वेस्टरवाल्याला उतेऱ्याच्या बांध्या वेगळ्या सांगाव्या लागतील, तिथे हाताने कापणी करावी लागेल, आणि मजुरी वाढेल. हे सगळ्यांना जमणार नाही. ज्या गावांत उन्हाळी धानाचे पाणी नाही आणि कन्हार जमीन आहे, त्या गावांपासून सुरुवात झाली तरी पुरे.

नोव्हेंबरात खरेदी केंद्रे सुरू होतात आणि डिसेंबरपासून मिल रात्रंदिवस चालतात. जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग, दूध संस्था, मत्स्य संस्था आणि मिलवाल्यांची संघटना यांनी त्याआधी एकदा एकत्र बसून या हंगामात किती कोंडा निघेल, किती तेलाला जाईल आणि किती परत येईल, याचा लेखी करार करावा. करार झाला नाही तर कोंडा नेहमीप्रमाणे पहिल्या ट्रकने जिल्ह्याबाहेर जाईल.